भिंतीकडे तोंड केलेली पाटी

मोठ्या बाई गेल्या हे मला एका मंगळवारी सकाळी कळले. मित्रांनो, मला कुणी मुद्दाम सांगितले नाही. लाकडाच्या पाटीला कोण काय सांगणार? त्यांचे यजमान हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खोलीत आले, तेव्हा ते माझ्या कानावर पडले.

यजमान सुतार आहेत. ते कामाच्या वेळी कधी आत येत नसत. संध्याकाळी दाराबाहेरच्या बाकावर बसून बाईंची वाट बघत. त्या दिवशी मात्र ते थेट आत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. टेबलाशी बाईंच्या हाताखालच्या धाकट्या बाई बसल्या होत्या. त्या चटकन उठल्या.

"काका, तुम्ही? मोठ्या बाई कशा आहेत आता?"

"रविवारी गेली," सुतार म्हणाले. मग त्यांनी माझ्या कोपऱ्यांवरून बोट फिरवले. "हिला स्क्रू कुणी मारले?"

धाकट्या बाई भिंतीपासून बाजूला झाल्या.

"ही टांगायची पाटी आहे. भिंतीला ठोकायची नाही. मी केली आहे, मला माहीत आहे."

त्यांनी एकेक स्क्रू काढला. चौथा अडकला होता. तो काढताना त्यांचा हात सटकला आणि माझ्या अंगावर लांब ओरखडा उठला. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून मला उठलेला तो पहिला ओरखडा.

आता मी कोण ते सांगते. मी बटणांची पाटी आहे. हात लुळा पडलेली, हात कापलेली, हात भाजलेली माणसे माझ्यावर बटण लावायला पुन्हा शिकली. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला आमची खोली. दारावरच्या फलकावर 'व्यवसायोपचार विभाग' असे लिहिलेले होते, पण तेवढे वाचण्याचा धीर कुणाला नसे. सगळे तिला हाताची खोली म्हणत. एखाद्या पेशंटने फलक वाचलाच तर तो हसून विचारी, "बाई, मला कसला व्यवसाय लावून देताय?"

बाईंचे उत्तर ठरलेले. "अंघोळ करणं, बटण लावणं, घास तोंडात घालणं. माणसाचा पहिला धंदा हाच. हा चालला की बाकीचे चालतात."

माझा जन्म एका कपाटाच्या उरलेल्या दारातून झाला. तेव्हा मोठ्या बाई मोठ्या नव्हत्या. पदवी घेऊन, मग आणखी काही महिने दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करून, नोंदणीचा दाखला मिळवून त्या नुकत्याच इथे आल्या होत्या. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक तडा गेलेला आरसा होता. साहित्य मागितले तर 'पुढच्या वर्षी बघू' असे उत्तर आले. म्हणून त्यांनी घरी सांगितले, "अहो, मला एक फळी करून द्या."

सुतारांनी फळी कापली, रंधा मारला, पॉलिश पेपरने घासली आणि दाखवली. बाई म्हणाल्या, "अजून घासा." त्यांनी घासली. "अजून." शेवटी ते चिडले. "अगं, पाळणा करतोय का मी?"

बाईंनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि माझी कड त्यांच्या गालावरून फिरवली. "टोचलं?"

"थोडंसं."

"तुम्हाला टोचलेलं कळतं तरी. माझ्या पेशंटच्या हाताला कातडी फाटली तरी कळत नाही."

मग त्यांनी माझ्या चारही कडा गोल केल्या. माझ्या अंगावरचे कापड त्यांच्याच तपकिरी शर्टाचे. तो शर्ट अजून चांगला होता, असे ते पुढे बरीच वर्षे म्हणत.

माझ्यावर पाच बटणे आहेत. पहिले ओव्हरकोटाचे, घड्याळाच्या तबकडीएवढे. मग लहान लहान होत शेवटचे कॉलरचे. मधल्या तिसऱ्या बटणाचा दोरा बाईंनी मुद्दाम आखूड ठेवला होता आणि त्याचे काजही तंग केले होते. ते लावायला चिमटीत खरा जोर लागे. सगळे त्याला हट्टी म्हणत. बटणांखाली एक चेन, एक बक्कल आणि बुटाची नाडी. माझी पाठ मात्र उघडी आहे. तिथे सुतारांच्या पेन्सिलीने बाईंनी लिहिले आहे, 'आधी हात बघा.'

या तीन शब्दांवर आमची खोली चाले. मी दिसायला खेळणे आहे. कुणीही येते आणि बटण लावायला बघते. पण ज्याचा हात नुकताच शिवला आहे त्याला मी अपाय करू शकते. म्हणून बाईंनी एक रीत घातली होती. मी दोरीने आकड्याला टांगलेली असे आणि माझे तोंड भिंतीकडे असे. त्या दिवशी ज्या पेशंटचा हात बाईंनी स्वतः तपासला, त्याच्यापुरतीच मी उलटली जाई. त्याचे झाले की पुन्हा तोंड भिंतीकडे. "औषध कसं कुलपात असतं, तशी ही पाटी," बाई सांगत. मला उलटण्याचा हक्क फक्त त्यांचा होता. त्या खोलीत असतील आणि त्यांनी मान हलवली, तरच दुसऱ्याने मला हात लावायचा.

मित्रांनो, मला भिंतीकडे तोंड करून राहण्याचे कधी वाईट वाटले नाही. ती माझी इज्जत होती.

काम मी भरपूर केले. एका पोस्टमनची उजवी बाजू गेली होती. त्याची बायको शेजारी बसून धुसफुसायची. "मी लावून दिलं तर एका मिनिटात होतं हो बाई. अर्धा तास झाला, हे अजून दुसऱ्यावरच आहेत." बाई म्हणाल्या, "तुम्ही लावून दिलंत तर जन्मभर लावून द्यावं लागेल. चालेल?" ती म्हणाली, "नको गं बाई!" आणि पिशवी उचलून बाहेर जाऊन बसली. चार महिन्यांनी पोस्टमनने पाचवे बटण लावले आणि लहान मुलासारखा रडला. हात शिवणारे मोठे डॉक्टर जाता जाता डोकावत. "चालू द्या तुमचे खेळ," असे म्हणत. बाई हसून म्हणत, "तुम्ही सोन्यासारखा हात शिवता डॉक्टर, पण जेवायला त्याला मीच शिकवते." मी ते ऐकून फुलून जाई.

खोलीत शिकणारी मुलेमुलीही येत. बाई त्यांना आधी जाड हातमोजे घालून माझी पाचही बटणे लावायला सांगत. कुणी कंटाळले की म्हणत, "पेशंट हे हातमोजे काढू शकत नाही." मग महिनोन्‌महिने त्यांनी नुसते बघायचे, मग बाईंच्या डोळ्यांदेखत करायचे, मग त्यांच्या तासांवर बाई सही करणार. एकदा एक मुलगी न आलेल्या दिवसाचे तास भरून घेऊन आली. "करा ना बाई, सगळीकडे करतात." बाईंनी वही मिटून तिच्या हातात दिली. "मी न पाहिलेल्यावर सही करत नाही. सही म्हणजे माझे डोळे."

हे वाक्य मी लक्षात ठेवले आहे. पुढे ते मला फार लागले.

माझ्या शेजारी भिंतीवर बाईंचा नोंदणीचा दाखला काचेच्या चौकटीत लावलेला होता. दर काही वर्षांनी त्याचे नूतनीकरण होई. त्यासाठी बाईंना नवीन शिकावे लागे, परीक्षा द्यावी लागे. मी आणि तो दाखला, आम्ही वीस-पंचवीस वर्षांचे शेजारी.

धाकट्या बाई सात वर्षांपूर्वी आल्या. त्यांनी दोन वर्षांचा सहायकाचा अभ्यासक्रम केला होता. सहायकाने उपचार द्यायचे, पण हात तपासून काय करायचे ते ठरवायचे नाही. ते पदवीवाल्या बाईंचे काम. ठरलेल्यात बदल करायचा झाला तरी बाईंना विचारायचे. कामाची एक वही होती. पेशंट कोण, काय केले, कुणी केले आणि शेवटच्या रकान्यात देखरेख कुणाची. तिथे मोठ्या बाईंची सही.

धाकट्या बाईंचा हात हलका होता, डोके चलाख होते. मोठ्या बाईंना मूलबाळ नव्हते. त्यांनी हिला मुलीसारखे शिकवले. काम संपल्यावर तासभर बसवून हाडे, स्नायू, शिरा पाठ करून घेतल्या. स्वतःची पुस्तके दिली. बाहेर बाकावर सुतार बसून राहत. "झाला का तुमचा वर्ग?" असे दारातून विचारत. "आमची लेक पदवी घेणार आहे, जरा थांबा," बाई आतून म्हणत. पदवीच्या प्रवेशासाठी शिफारसपत्रही बाईंनी लिहून दिले. 'हिच्या हातात मी माझा स्वतःचा हात निर्धास्त देईन,' असे त्यात होते. बाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा धाकट्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. ते पाणी खोटे नव्हते. हेच मला आजही समजत नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, बाई एकट्या होत्या. त्यांनी मला उलटले. मला नवल वाटले, कारण समोर पेशंट नव्हता. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताने पहिले बटण लावले, दुसरे लावले. तिसऱ्यावर बोटे घसरली. पुन्हा लावून पाहिले. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदाही तेच. इतकी वर्षे त्या ज्या शांतपणे दुसऱ्यांचे हात बघत, तशाच शांतपणे त्यांनी स्वतःचा हात उताणा करून बघितला. झाडणाऱ्या मावशी केरसुणी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनीही बघितले. बाईंनी मला भिंतीकडे फिरवले आणि म्हणाल्या, "मावशी, कुणाला सांगू नका." संध्याकाळी बाकावरून सुतार उठले, तेव्हा त्या रोजच्यासारख्या "चला" म्हणाल्या.

त्याच सुमारास एक शिंपी उपचाराला येत होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. दुकानातला आरसा फुटून त्यांच्या उजव्या हाताच्या, अंगठ्याजवळच्या बोटाची कंडरा तुटली होती. कंडरा म्हणजे बोट वाकवणारी आतली दोरी. डॉक्टरांनी ती शिवली होती. शिवलेली कंडरा पहिले काही आठवडे फार नाजूक असते. हाताला साच्याची पट्टी, म्हणजे स्प्लिंट, बांधलेली. चिमटीने काहीही धरायला सक्त बंदी. तिसरा आठवडा चालू होता आणि मास्तरांना घाई झाली होती. "बाई, मी शिंपी माणूस. हजारो बटणं लावली. एकदा त्या पाटीवर हात चालवू द्या, लगेच बरा होतो बघा." बाई म्हणत, "मास्तर, कच्च्या टाक्यावर तुम्ही शर्ट घालायला देता का?" मास्तर मान हलवत. पण नजर माझ्यावर असे.

एका बुधवारी संध्याकाळी बाईंनी वही उघडली. "उद्या मी दुपारी येईन," त्या धाकट्या बाईंना म्हणाल्या. "जरा काम आहे. सकाळी तिघे आहेत, लांबून येतात. परत पाठवू नकोस. दोघांचं नेहमीचं कर. मास्तरांचं फक्त स्प्लिंट बघ, कुठे रुततंय का. बोटाला हात लावायचा नाही."

"पण बाई, वहीत देखरेखीची सही? तुम्ही नसलात तर..."

बाईंनी वही पुढे ओढली. मग त्यांनी दुसऱ्या दिवसाच्या तीन रिकाम्या ओळींपुढे तीन सह्या केल्या.

मी भिंतीकडे तोंड करून होते, पण पेनाचा आवाज मी ओळखते. तीन वेळा तो आवाज झाला. सव्वीस वर्षांत बाईंनी न पाहिलेल्या कामावर केलेल्या त्या पहिल्याच सह्या. ती चूक होती. त्यांची स्वतःची. ती मी लपवणार नाही.

गुरुवारी सकाळी अकराला मास्तर आले. स्प्लिंट काढून बघितले, कुठे रुतत नव्हते. मास्तर म्हणाले, "बघा, बोट कसं हलतंय. एकच बटण लावतो."

"नाही मास्तर. मोठ्या बाई रागावतील."

"मग त्यांना विचारा ना. आहेत का?"

खोलीच्या एका बाजूला पडदा होता. त्यामागे बाईंची लहानशी बसायची जागा. धाकट्या बाई पडद्याआड गेल्या. तिथे कुणी नव्हते. त्या परत आल्या.

"आत आहेत. हो म्हणाल्या. पण हळू."

का खोटे बोलल्या? मी खूप विचार केला. मला वाटते, पैज जिंकल्यासारखे काहीतरी त्यांना मोठ्या बाईंना दाखवायचे असेल. मी ठरवले आणि ते बरोबर निघाले, असे. सात वर्षे फक्त 'विचारून करते' म्हणून त्या थकल्या असतील. कारण काही असो. बाईंच्या होकाराशिवाय त्यांनी मला आकड्यावर उलटले. पहिल्यांदा.

पहिले बटण मास्तरांनी लावले. हसले. दुसरे लावले. मग ते हट्टीकडे वळले. शिंप्याचा जुना जोर बोटात आला आणि 'टक्' असा आवाज झाला. अगदी लहान. दोरा तुटल्यासारखा.

"अहो, हे काय झालं?" मास्तर म्हणाले. बोट सरळ राहिले होते. मास्तर त्याला वाक म्हणत होते आणि ते वाकत नव्हते.

मित्रांनो, बटण माझे होते. मी अजून त्या आवाजातून सुटले नाही.

तुटलेली कंडरा जोडायला मास्तरांचा हात पुन्हा उघडावा लागला, पण बोट कधी नीट वाकले नाही. त्यांनी तक्रार केली, आणि ती करायलाच हवी होती. महिन्याभराने नोंदणी मंडळाची दोन माणसे आली आणि आमच्याच खोलीत टेबलाशी बसली. मी भिंतीकडे तोंड करून होते. मला दिसले काही नाही, ऐकू सगळे आले.

मास्तर म्हणाले, "धाकट्या बाई आत जाऊन विचारून आल्या. मोठ्या बाईंनीच हो म्हटलं. मला काय ठाऊक, पडद्याआड कोण आहे ते?"

धाकट्या बाईंना विचारले. खोलीत पंख्याचा आवाज चालू होता. मग त्या म्हणाल्या, "मोठ्या बाई इथेच होत्या. त्यांनी सांगितलं म्हणून मी केलं. वहीत सही आहे."

खुर्ची जराशी सरकली. ती मोठ्या बाईंची होती. त्यांना विचारले, "ही सही तुमची आहे?"

"माझी आहे."

"म्हणजे तुम्ही त्या वेळी इथे होतात?"

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. त्या कुणाची तरी वाट बघत होत्या. मला वाटते, त्या धाकट्या बाईंकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "जिथे माझी सही आहे तिथे मी होते असंच धरलं पाहिजे. त्यासाठीच ती असते."

मावशी बाहेर बोळ पुसत होत्या. त्या दिवशी बाई दुपारपर्यंत आल्या नव्हत्या, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण झाडणाऱ्या बाईला कोण विचारतो? आणि आपणहून सांगायचे तर नोकरीची भीती. मलाही कुणी विचारले नाही. मी तर पाटी.

बाईंची नोंदणी सहा महिन्यांसाठी थांबवली. त्यानंतरही दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करायचे, आणि कुणाला शिकवायचे नाही. निकालात लिहिले की त्यांच्या सांगण्यावरून चुकीचा उपचार झाला. शेजारची चौकट काढून नेली. भिंतीवर पांढरट चौकोन राहिला. बाईंनी आपली पुस्तके पिशवीत भरली, तेव्हा त्यांचा उजवा हात पिशवीचा बंद धरू शकत नव्हता. धाकट्या बाई पुढे झाल्या. "मी देते भरून." बाई म्हणाल्या, "नको."

तेवढेच बोलल्या. गेल्या.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा बाहेरच्या एक बाई येऊन सह्या करून जात. बाकीचे धाकट्या बाईच बघत. एक दिवस त्यांनी मला आकड्यावरून काढून चार स्क्रूंनी भिंतीला पक्के केले, तोंड खोलीकडे. खोली छान दिसते म्हणून. बाईंनी पाठीवर लिहिलेले तीन शब्द भिंतीला चिकटले. आता मला कुणीही हात लावी. वाट बघून कंटाळलेले नातेवाईक माझी चेन वरखाली करत बसत. एका माणसाने फोनवर बोलता बोलता हट्टीला पिळून पिळून तोडले. बटण टेबलाखाली गेले. मावशींनी ते झाडताना उचलले आणि कमरेच्या पिशवीत ठेवले.

त्या मंगळवारी सुतार मला काखेत घेऊन निघाले, तेव्हा बोळाच्या टोकाला मावशींनी त्यांना गाठले. बटण हातात दिले. मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, माझ्या मनाला खातंय. त्या गुरुवारी बाई नव्हत्याच हो इथे. आणि त्यांचा हात त्याच्याही आधीपासून गेला होता. या पाटीवर बटण लागेना. मी बघितलं."

सुतार बाकावर बसले. रोज जिथे वाट बघत, त्याच बाकावर.

घरी आल्यावर त्यांनी बाईंची पर्स उघडली. तिच्या आतल्या कप्प्यात तपासणीची चिठ्ठी निघाली. डोक्याची तपासणी, गुरुवार, सकाळी साडेदहा. तारीख तीच. बाई पाय ओढत चालायला लागल्या तेव्हा घरी डोक्यातला आजार कळला होता; त्याच्या कितीतरी आधीचा हा कागद. सुतारांनी तो दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पाटीला दाखवला हात. मला नाही दाखवला."

मित्रांनो, मला त्यांच्यासमोर फार लाज वाटली. माझा त्यात काही दोष नसताना.

चार दिवसांनी धाकट्या बाई घरी आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. सुतारांनी पाणी दिले. ते तसेच राहिले.

"काका, मी खोटं बोलले."

"माहीत आहे."

"मला वाटलं, बाई स्वतःच सांगतील की त्या नव्हत्या. त्या काही बोलल्याच नाहीत. त्यांनी मला वाचवलं."

"वाचवलं नाही," सुतार म्हणाले. "ती तुझी वाट बघत होती. अंथरुणावर रोज विचारायची, पत्र आलं का? मला वाटायचं, मंडळाचं म्हणतेय. मी म्हणायचो, येईल गं. आता कळलं कुणाचं पत्र ते."

धाकट्या बाई रडल्या. मग म्हणाल्या, "मी मंडळाला लिहून देते सगळं. पण काका, पुढच्या महिन्यात पदवीचा प्रवेश आहे. आत्ता लिहिलं तर तो गेला. प्रवेश झाला की लगेच देते. शप्पथ."

"प्रवेशाला शिफारस कुणाची आहे?"

त्यांनी मान खाली घातली. सुतार उठले. कोरा कागद आणि आपली सुतारकामाची पेन्सिल त्यांच्यासमोर ठेवली. "आत्ता लिही. टाकायला मी जातो."

त्यांनी पेन्सिल धरली. वर उजव्या कोपऱ्यात तारीख लिहिली. मग बराच वेळ पेन्सिल तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "काका, मला थोडा वेळ द्या." आणि पेन्सिल खाली ठेवून गेल्या.

सुतारांना कुणी म्हणेल, चिठ्ठी आहे ना तुमच्याकडे, तीच पाठवा. त्यांनी तो विचार केला. पण नुसत्या चिठ्ठीने एवढेच सिद्ध होते की बाई तिथे नव्हत्या आणि तरी सही केली. पडद्याआड काय घडले ते चिठ्ठी सांगत नाही. ते एकच माणूस सांगू शकते. "तिची चूक तिच्या नावावर असू दे," सुतार एकदा माझ्यासमोर म्हणाले. "सही केली, ती तिची चूक. पण तेवढीच. मास्तरांना हो म्हणाली, ही तिची नाही."

मित्रांनो, तुम्हीही उद्या काहीतरी शिकाल. कुणीतरी तुम्हाला आपल्या हाताखाली घेईल आणि कधीतरी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास टाकेल. तेव्हा एवढे लक्षात ठेवा. तो माणूस डोळे मिटतो ती त्याची चूक असेल, पण त्या वेळात तुम्ही काय करता ते तुमचे आहे. आणि तुमची सही कधी कुणी मागितली, तर आधी बघा.

सुतारांनी मला घरी एका आकड्याला दोरीने टांगले आहे. तोंड भिंतीकडे. येणाऱ्याला माझी पाठ दिसते आणि तिच्यावरचे तीन शब्द दिसतात. खाली फळीवर तो कागद आहे आणि त्याच्यावर एका डबीत हट्टी. प्रवेशाचा महिना होऊन गेला. कागदावर अजून फक्त तारीख आहे. मंडळाच्या निकालात बाईंच्या नावापुढे अजून 'त्यांच्या सांगण्यावरून' असेच लिहिलेले आहे. सुतारांनी सुई-दोरा आणून ठेवला आहे, पण घरात बटणे बाई लावत असत. तिसरे बटण लावायचे राहिले आहे.